उभी राहिलेली झोपडी

एकदा एका अरण्यावरून वारा गेला.

नुसते ‘वारा’ म्हणणे अपुरे आहे. पण तिथल्या लोकांपाशीही त्याला दुसरा शब्द नव्हता. वावटळ त्यांना ठाऊक होती. उन्हाळ्यात मोकळ्या शेतातला पाचोळा उचलणारी, पोरांनी जिच्यामागे धावावे अशी. त्या दिवशी दुपारी पश्चिमेचे आकाश डबक्यातल्या पाण्यासारखे हिरवट झाले. लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि एकाएकी थांबल्या. मग ढगाच्या पोटातून एक काळी सोंड खाली उतरली, जमिनीला टेकली आणि चालू लागली.

ती चार कोस चालली. तिची रुंदी फार नव्हती. गोफणीचा दगड जाईल एवढीच. परंतु त्या पट्ट्यात जे होते ते उरले नाही. सागाचे बुंधे माणसाच्या छातीच्या उंचीवर तुटले, तेही सरळ नव्हे. धुणे पिळावे तसे पिळवटून. ऐनाची झाडे मुळांसकट उपटली गेली आणि त्यांच्या जागी बैलगाडी मावेल एवढे खड्डे पडले. आज्या-पणज्यांनी ज्यांची फुले वेचली ते मोह आडवे झाले. वानरांचा एक अख्खा कळप दीड कोसावरच्या पाणवठ्यात मरून पडलेला सापडला. आणि पट्ट्याच्या कडेला, अवघ्या दहा पावलांवर, एका फांदीला लोंबणारे मोहोळ जसेच्या तसे होते. मधमाश्या आपले काम करीत होत्या.

या वाटेवर बेहडटोला नावाचे चाळीस घरांचे गाव होते. वारा गावात तिरका शिरला. तेरा घरे गेली, सात माणसे गेली. उरलेल्या सत्तावीस घरांच्या छपरावरचे एक कवेलूही सरकले नाही. उरकुडा पाटलाच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेले धोतर संध्याकाळी दोरीवरच होते.

गावाबाहेर नाला आणि नाल्यापलीकडच्या माळावर एक कुडाची झोपडी. तिथे एक वृद्ध गुरू आपल्या शिष्यासह राहत असत. गुरूंनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी अक्षरे शिकवली, विंचू-सापावर मुळी उगाळून दिली, भावाभावांतली भांडणे मिटवली. लोक त्यांना महाराज म्हणत. शिष्य चाळिशीचा होता. पूर्वी तो एका देवळात पुराण सांगत असे. ते सोडून बारा वर्षांपूर्वी गुरूंपाशी आला होता. पुराण सुटले, तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी कसे आणावे हे तो विसरला नव्हता.

गाव ओलांडून ती सोंड झोपडीवरच चालून आली. दोघे बाहेर पळाले. शिष्य भान हरपून माळावर उभाच राहिला, तेव्हा गुरूंनी हात वर करून जिवाच्या आकांताने हाक मारली, “अरे, आडवा हो! आडवा हो!” दोघांनी नाल्यात उड्या टाकल्या. काठावरच्या जांभळीचे मूळ उघडे पडले होते, त्याला गुरूंनी दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तोंड मातीत खुपसले. डोक्यावरून शंभर जाती एकदम दळत गेल्यासारखा आवाज गेला.

मान वर केली तेव्हा ती सोंड जमीन सोडून आकाशात उचलली गेली होती. झोपडीवरून, बरोबर झोपडीवरून ती पार झाली आणि पलीकडच्या टेकडीवर पुन्हा टेकली. झोपडी उभी होती. छपराची एक काडीही हलली नव्हती.

गुरूंना उठता येईना. त्यांचे धोतर ओले झाले होते, आणि ते नाल्याच्या पाण्याने नव्हे. वैशाखात नाला कोरडा असतो. शिष्याने ते पाहिले आणि नजर फिरवली. तेवढ्यात गावातून आरडाओरडा ऐकू आला. गुरू काठीच्या आधाराने उभे राहिले आणि दोघे गावाकडे धावले.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सारे गाव ढिगाऱ्यांत राबत होते. लाकडे उचलणे, माती उपसणे, हाक मारून कान लावणे, एवढेच चालले होते. डोमा नावाच्या शेतकऱ्याचे घर अगदी पट्ट्याच्या मधोमध होते. त्याची बायको फुलवंता ढिगाऱ्यापाशी उकिडवी बसली होती. तेंदूची पाने खळ्यावर वाळत घातली होती; आभाळ फिरल्यावर ती पाने झाकायला ती गेली होती. खळे पट्ट्याच्या बाहेर राहिले. आढे बाजूला केल्यावर डोमा सापडला, आणि त्याच्याजवळच त्याची म्हातारी आई. डोमाचा एक हात आईच्या डोक्यावर होता. तो हात फुलवंताने स्वतः बाजूला घेतला.

सात सरणे रचली गेली. एरवी सरणासाठी लाकूड तोडावे लागते. त्या दिवशी लागले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेल्या चिंचेखाली गावकरी बसले होते. हात फुटलेले, डोळे कोरडे. कुणीतरी शिष्याला विचारले, “महाराजांची झोपडी राहिली म्हणतेत, खरं हाये का?”

शिष्याने त्या चेहऱ्यांकडे पाहिले. त्यांना देण्यासारखे त्याच्यापाशी काही नव्हते. धान्य नव्हते, औषध नव्हते. फक्त गोष्ट होती. तो म्हणाला, “मी डोळ्यांनी पाहिलं. गुरुजींनी हात वर केला आणि वारा जमिनीवरून उचलला गेला.”

एका म्हातारीने जिथे बसली होती तिथूनच झोपडीच्या दिशेने हात जोडले. दोन दिवसांत प्रथमच त्या माणसांचे डोळे ओले झाले. शिष्याला वाटले, आपण आज एक चांगले काम केले.

सकाळपासून झोपडीकडे माणसे येऊ लागली. आधी बेहडटोल्याची, मग आजूबाजूच्या गावांची. कुणी नारळ ठेवी, कुणी उंबऱ्याची चिमूटभर माती पदरात बांधी. गुरू जखमांवर पाला बांधीत बसलेले असत. लोक पायावर डोके ठेवीत तेव्हा ते संकोचून पाय मागे घेत. पण लोक काय म्हणतात ते त्यांच्या कानावर पडतच होते. पहिल्या दिवशी ते म्हणाले, “असं काही नसतं रे.” दुसऱ्या दिवशी नुसतेच हसले. तिसऱ्या दिवशी काही बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी तालुक्याहून लाखेचा एक मोठा व्यापारी आला. त्याने झोपडीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि हात जोडून म्हणाला, “महाराज, ही जागा आता तुमची एकट्याची राहिली नाही. परवानगी द्या. झोपडी आहे तशीच ठेवून भोवती दगडी मंडप बांधतो. माझ्या मुलाबाळांचं कल्याण होईल.”

गुरू म्हणाले, “विचार करू.” एवढेच. नाही म्हणाले नाहीत.

इकडे गावात दुसरेच काहीतरी शिजत होते. पुण्याने झोपडी राहिली हे एकदा मान्य झाले की पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणारच. घर राहिले ते पुण्याने, तर पडले ते कशाने? सत्तावीस घरांतल्या माणसांना हा प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर त्यांना फार लवकर सापडले. आपले घर का उरले हे प्रत्येकाला मनातल्या मनात आठवले. कुणी एकादशी धरत होता, कुणी गाईला पहिला घास देत होता. पाटलाच्या घरी देवीचा दिवा कधी विझला नव्हता. मग तेरा घरांची पापे शोधणे सुरू झाले. एकाने शिवेवरचे झाड तोडले होते. एकाच्या आजोबाने पुजाऱ्याला शिवी दिली होती. परंतु त्यांतल्या बारा घरांना भाऊबंद होते, मेहुणे होते, काठी उचलणारे हात होते. त्यांच्याबद्दलची कुजबूज उठली तशी बसली. फुलवंताला कोणी नव्हते. तिचा डोमाशी पाट लागलेला. पहिला नवराही गेलेला. सारी कुजबूज वाहत वाहत तिच्या दारात येऊन साचली, आणि दार तर उरलेच नव्हते.

चैत्रात गावदेवाला मोहाची पहिली फुले वाहिल्याशिवाय कोणी फुले वेचायची नाहीत असा तिथला नेम होता. फुलवंताने ती आधीच वेचली होती म्हणे. खरे पाहता त्या सकाळी अर्ध्या गावाच्या टोपल्या मोहाखाली होत्या. पण आता ते कुणाला आठवेना. शिवाय ती वाचली आणि नवरा-सासू गेली, हेही तिच्याविरुद्धच निघाले. पाने वाचवायला धावली, माणसे टाकून धावली.

पडलेली घरे सगळ्या गावाने मिळून उभारायची ही तिथली रीत. पंचायत बसली आणि ठरले की बारा घरांना गाव हात देईल. फुलवंताने मात्र गावाच्या शिवेबाहेर कुठेही राहावे. तिच्या जागेवर खांब रोवला तर वारा पुन्हा येईल.

आठव्या दिवशी फुलवंता झोपडीकडे आली. दुपारची वेळ होती. अंगणात वीसेक माणसे होती. ती दिसताच लोक बाजूला सरले, मानाने नव्हे. ती सरळ गुरूंसमोर येऊन उभी राहिली. पाया पडली नाही.

“बाबाजी, एक विचारू?”

“विचार, बाई.”

“तुमी हात वर केला आन् वारा फिरवला म्हणतेत. माझं घर तुमच्या झोपडीच्या पयले लागते. थोडा अगोदर काहून नाही केला हात वर?”

गुरूंच्या हातातला पाला तसाच राहिला.

ती पुढे म्हणाली, “भांडाले नाही आली मी. मले फक्त समजून घ्याचं हाये. तुमाले आमी दिसलो नाही, का दिसूनही सोडलं? लोक म्हणतेत, पापी होती म्हणून सोडलं. तुमी सांगा. तुमी सांगसान ते मी मानीन.”

गुरूंनी मान खाली घातली. बराच वेळ ती वर आली नाही. फुलवंता थांबली, मग उत्तर मिळाले असे समजून निघून गेली. लोकांनीही अर्थ लावला, बाई पापीच, पण महाराजांना तसे तोंडावर बोलवले नाही.

माणसे पांगल्यावर गुरूंनी शिष्याला हाक मारली.

“मी हात वर केला होता का रे?”

“केला होता, गुरुजी.”

“कशासाठी?”

“मला... मला आडवं हो म्हणून सांगायला.”

“आणि वारा उचलला गेला होता का?”

“गेला होता.”

“म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मधला ‘आणि’ तेवढा खोटा. पुराण सांगणाऱ्या माणसा, एवढ्याशा शब्दात तू एका बाईला गावाबाहेर काढलंस.”

शिष्य त्यांच्या पायाशी कोसळला. “मला त्यांना धीर द्यायचा होता. काहीच नव्हतं हो माझ्याजवळ.”

“ऊठ. तुझा दोष एका दिवसाचा आहे. माझा सात दिवसांचा. लोक येत होते, बोलत होते, मी ऐकत होतो. माझ्या धोतराला काय झालं होतं हे मला माहीत होतं. पण मला बरं वाटत होतं. या वयात बरं वाटत होतं! तू खोटं बोललास, मी ते राहू दिलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी मंडपाची आखणी करायला माणसे घेऊन आला. त्याच्याबरोबर पाटील होता, गावातली पन्नास-साठ माणसे होती. दोऱ्या लावल्या, खुंट्या ठोकल्या. पूजेचे तबक पुढे आले. गुरू आत गेले आणि बाहेर आले ते हातात कोयता घेऊन. कुणाला वाटले, नारळासाठी असेल.

गुरू झोपडीच्या कोपऱ्याशी गेले आणि छपराची वाकाची दोरी त्यांनी तोडली. मग दुसऱ्या कोपऱ्याची. छप्पर एका अंगाला कलले. शिष्य पुढे धावला. गुरूंनी त्याच्याकडे पाहिले मात्र, तो जागीच थांबला. म्हाताऱ्या हातांनी त्यांनी आढ्याचा बांबू ओढला. गवताचे पेंढे धपाधप खाली आले. कुडाच्या भिंतीला त्यांनी खांदा लावला आणि ती बाहेरच्या बाजूला पाडली. धूळ उडाली. ज्या झोपडीला वाऱ्याने हात लावला नव्हता ती अर्ध्या घटकेत जमिनीवर आली.

“महाराज! महाराज, हे काय केलं?” पाटील ओरडला.

गुरूंना धाप लागली होती. कोयत्याचा टेकू घेऊन ते उभे राहिले आणि म्हणाले:

“या झोपडीला कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं. तरी आठ दिवस ही साक्ष देत होती. तुम्ही येता, हिच्या उंबऱ्याची माती कपाळाला लावता आणि गावात जाऊन म्हणता, पुण्य असलं की घर उरतं. म्हणजे ज्याचं पडलं त्याच्यापाशी ते नव्हतं. वाऱ्याने डोमाला एकदा मारलं. त्याच्या बायकोला तुम्ही रोज मारता, आणि मारायला दगड म्हणून माझं घर उचलता. अरे, वाऱ्याने पाटलाचं धोतर ठेवलं आणि डोमाची आई नेली. कारण धोतर काय नि म्हातारी काय, त्याला कळत नाही. तुम्हाला कळतं. म्हणून तुमचं कृत्य वाऱ्याहून वाईट. मी कोणताही वारा फिरवला नाही. मी या नाल्यात तोंड खुपसून पडलो होतो आणि भीतीने माझं धोतर ओलं झालं होतं. आता माझंही घर नाही. सांगा बरं, मी कोणतं पाप केलं होतं?”

क्षणभर, खरोखर एक क्षणभर, त्या साठ माणसांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटल्यासारखे शिष्याला दिसले. पुढे आयुष्यभर त्याला तो क्षण आठवत राहिला, कारण तो तेवढाच होता.

मग उरकुडा पाटील गहिवरला. त्याने पागोटे काढून गुरूंच्या पायाशी ठेवले आणि रडत रडत म्हणाला, “समजलं, महाराज! आमी आंधळे होतो. त्या बाईचं पाप तुमी आपल्या घरावर घेतलं!”

“होय, होय!” मागून आवाज आले. “घरावर घेतलं महाराजांनी!” बायका पदराने डोळे पुसू लागल्या. व्यापाऱ्याने खाली वाकून कुडाची एक कामटी उचलली, कपाळाला लावली आणि उपरण्यात गुंडाळली. ते पाहून दुसऱ्याने उचलली. बघता बघता झोपडीचा बांबू न् बांबू, पेंढा न् पेंढा लोकांनी वाटून नेला. ज्यांना काही मिळाले नाही त्यांनी वाकाच्या तुटक्या दोऱ्या नेल्या. उंबऱ्याचे लाकूड पाटलाने स्वतःच्या देवघरासाठी ठेवले.

गुरूंनी कोयता खाली टाकला. उघड्या माळावर ते एकटेच बसून राहिले.

शिष्य तसाच गावात गेला. चिंचेखाली, जिथे ती गोष्ट त्याने सांगितली होती तिथेच उभा राहून, त्याने खरे काय ते सांगितले. हात कशाला वर केला होता ते सांगितले. आपण खोटे बोललो हे तीनदा सांगितले. लोकांनी आधी ऐकून घेतले. मग एक जण म्हणाला, “बारा वर्षं पायाशी बसला, पण याले गुरू समजला नाही.” दुसरा म्हणाला, “जळते हा महाराजांवर.” एका तरुणाने ढेकूळ मारले, ते त्याच्या कानशिलावर लागले. जी गोष्ट सांगायला त्याला एक वाक्य पुरले होते, ती परत घ्यायला त्याची सारी वाणी अपुरी पडली.

संध्याकाळी तो माळावर परतला तेव्हा गुरू आपली दोन वस्त्रे गाठोड्यात बांधीत होते.

“काही उपयोग झाला नाही, गुरुजी.”

“नाही झाला.”

“उलट वाईट झालं. आता सगळे म्हणतात, तिचं पाप होतंच, तुम्ही ते घेतलंत.”

“हो. ऐकलं मी.”

शिष्याचा आवाज चढला. “मग पाडलीत कशाला?”

गुरूंनी गाठ मारून झाल्यावर उत्तर दिले. “लोकांनी काय म्हणावं हे माझ्या हातात नव्हतं. माझ्या घराने काय म्हणावं एवढं होतं. ते सात दिवस उशिरा केलं, म्हणून ते वाया गेलं. पहिल्या दिवशी नुसतं ‘मी घाबरलो होतो’ म्हणालो असतो तर कोयता लागला नसता. खरं बोलायलाही हंगाम असतो, बाबा. तो टळला की पेरलेलं भलतंच उगवतं.”

“आता कुठे जायचं आपण?”

“मी डोंगरापलीकडे जातो. मी इथे राहिलो तर माझ्या अंगावरच मंडप बांधतील. तू राहा.”

“मी? मला दगड मारतात ते!”

“म्हणूनच राहा,” गुरू म्हणाले, आणि काठी टेकीत निघाले. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. ते पुन्हा त्या प्रदेशात कोणाला दिसले नाहीत.

व्यापाऱ्याने पावसाळ्यानंतर तिथे चबुतरा बांधला. आजही वैशाखात तिथे जत्रा भरते असे सांगतात, आणि घरावर आफत येऊ नये म्हणून लोक तिथली माती नेतात. पण ते सारे पुढचे. गुरू गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट सांगायची राहिली आहे.

त्या सकाळी पंचायतीने पुन्हा बसून ठरवले की फुलवंताचे पाप फिटले, आता तिने गावात राहायला हरकत नाही. पाटील स्वतः दहा माणसे आणि दोन बैलगाड्या लाकूड घेऊन तिच्या जागेवर आला.

“बाई, महाराजांच्या कृपेनं तू मोकळी झाली. आता गाव तुझं घर बांधून देते.”

फुलवंता ढिगाऱ्यातून कवेलू निवडीत होती. उठलीही नाही.

“मी बांधली कधी होती, पाटील, तर मोकळी होऊ? लाकडं घेऊन जा. माझ्या घरचीच बरीच पडून हायेत.”

“अवं, आमी माफ केलं म्हणतो ना!”

“तेच तर. घेऊन जा.”

माणसे थोडा वेळ घुटमळली, मग गाड्या वळल्या. जाताना कुणीतरी मोठ्याने म्हणाले, “मस्ती जिरली नाही अजून.” तिने ते ऐकले आणि फुटका कवेलू बाजूला टाकला.

शिष्य हे सारे दुरून पाहत होता. गाड्या गेल्यावर तो जवळ आला. ती एकटीच पहारीने खांबाचा खड्डा खोदत होती.

तो म्हणाला, “बाई, हात वर केल्याची ती गोष्ट मी सांगितली होती. गावात पहिल्यांदा मीच सांगितली.”

“ठावूक हाये.” पहार थांबली नाही.

“माझ्यामुळे तुम्हाला...”

“गावाचं मले काही नाही, भाऊ,” ती म्हणाली. “गाव आज हे बोलते, उद्या ते बोलन.” तिने खड्ड्यातली माती हाताने उपसली. मग खड्ड्याकडेच पाहत, त्याला सांगावे की नाही असे काही न ठरवता, डोमाबद्दल बोलून गेली, “त्यायले ताप होता. आभाळ पाहून उठून बसले होते. म्हणाले, मीही येतो खळ्यावर, एकटी किती झाकशील. मीच म्हटलं, पडून राहा, बाहेर गारा हायेत, घरात बरं. मी म्हटलं, घरात बरं.”

शिष्याने तोंड उघडले. तो वाक्पटू होता. आणि या वेळी त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते, सारेच खरे. वाऱ्याला डोळे नसतात. तुम्ही मायेने बोललात. कुणालाच माहीत नव्हते. गुरूंचे कालचे भाषण त्याला शब्दन् शब्द पाठ होते. ते भाषण साठ माणसांसाठी होते, आणि साठ माणसांना ते कळले नव्हते. हिला ते कळले असते, ते न ऐकताच कळलेलेही होते, आणि तरीही त्याने काही होणार नव्हते. गावाने जे आरोप केले ते तिने गाड्यांबरोबर परत पाठवले. हा एक तिने स्वतःच स्वतःवर केला होता, आणि तो परत पाठवायला जागा नव्हती.

त्याने उघडलेले तोंड मिटले. बारा वर्षांत गुरूंनी त्याला पुष्कळ शिकवले होते. पण कोणत्या जागी बोलू नये हे त्याला त्या खड्ड्यापाशी समजले.

तिने एक खांब ओढत आणला आणि खड्ड्यात सोडला. तो एका बाजूला झुकू लागला. एकट्या माणसाला खांब धरता येत नाही आणि माती लोटताही येत नाही. शिष्य पुढे झाला आणि त्याने खांब धरला. तिने त्याच्याकडे पाहिले. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. पायाने माती लोटू लागली.

“सरळ धरा,” ती म्हणाली.

त्याने सरळ धरला.

संध्याकाळपर्यंत चार खांब उभे राहिले. दोघांत दुसरे बोलणे झाले नाही. ज्याचे घर उरले आहे, त्याने पडलेल्या घराला अर्थ सांगायला जाऊ नये. खांब धरू दिला, तर धरावा.